हप्त्यांची वही उघडी करू या

(स्वयंरोजगार करणाऱ्या स्त्रियांच्या जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

सकाळच्या सत्रात बचत, बाजारपेठ आणि प्रशिक्षण यांवर चांगली चर्चा झाली. आता मला कर्जावर बोलायला सांगितलं आहे. कर्ज कसं मिळवायचं हे मी सांगणार नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत आणि ते आपल्या दारापर्यंत येतात. मला बोलायचं आहे ते डोईजड झालेल्या कर्जावर. एक हप्ता भरायला दुसरं कर्ज काढावं लागतं, त्या दिवसापासून पुढे बाईने काय करायचं आणि तिच्या मैत्रिणींनी काय करायचं, यावर.

मी अर्थतज्ज्ञ नाही. सांगलीत एकवीस वर्षं मी डबे देते. ऑगस्ट २०२१ मध्ये माझ्यावर २ लाख ९६ हजार रुपयांचं कर्ज होतं. हा आकडा मी मुद्दाम सुरुवातीलाच सांगते आहे. दारू, मारहाण, हुंडा, संशय यांवर बोलायला आपण शिकलो. 'घरातली गोष्ट घरात' हे म्हणणं आपण मोडून काढलं. पण आपल्या डोक्यावर किती कर्ज आहे, हे अजूनही बाई सख्ख्या बहिणीला सांगत नाही. गटात शेजारी बसणारीला सांगत नाही. आपल्या संघटनेच्या कार्यकर्तीलाही सांगत नाही. या गप्प बसण्यावरच सगळी वसुली चालते, हे मला आज तुमच्यापुढे मांडायचं आहे.

'स्व' कोणाचा आणि रोजगार कोणाचा?

आपल्याला 'स्वयंरोजगारी' म्हणतात. शब्द छान आहे. पण त्याचा अर्थ काय होतो ते बघा. आजारी पडलं तर रजा नाही. पूर आला तर पगार नाही. गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर तक्रार कोणाकडे करायची ते माहीत नाही. नफा झाला तर तो घरखर्चात विरून जातो, आणि तोटा झाला की तो मात्र नीट नावानिशी आपला. इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय आयोगाने 'श्रमशक्ती' हा अहवाल १९८८ साली दिला, तो आपल्यासारख्याच बायकांबद्दल होता. शिवणकाम करणाऱ्या, विड्या वळणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, डबे देणाऱ्या. त्याला इतकी वर्षं झाली. कर्ज मिळण्याची सोय तेव्हापेक्षा कितीतरी वाढली. उत्पन्नाची खात्री मात्र तिथेच राहिली. ज्या बाईचं उत्पन्न महिन्याला वरखाली होतं, तिला दर महिन्याच्या ठरल्या तारखेला ठरलेला हप्ता भरायचा असतो. संकटाची सुरुवात इथे आहे.

खानावळवाल्यांना हे नवीन नाही. मुंबईच्या गिरणगावात हजारो बाया गिरणी कामगारांना जेवू घालत होत्या. कामगार महिन्याने पैसे देणार, तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज या बायांच्या डोक्यावर. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायांना एकत्र करून. सावकाराऐवजी राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आणि जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला, तेव्हा कामगारांबरोबर या खानावळवाल्याही अडचणीत आल्या. जेवणारेच गेले. संपाच्या इतिहासात त्यांची नोंद फार थोडी आहे. आपलं कर्ज आपल्या हातात नसलेल्या गोष्टींनी वाढतं, त्याचं हे मोठं उदाहरण.

कर्ज चढलं कसं

माझंच सांगते. २०१९ च्या उन्हाळ्यात माझ्याकडे ४२ डबे होते. कॉलेजची मुलं, दवाखान्यातले कर्मचारी, बदलीवर आलेले नोकरदार. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचा पूर आला. आमच्या खोलीत छातीएवढं पाणी होतं. गहू, तांदूळ, तेल, फ्रीज, शेगडी सगळं गेलं. नवऱ्याची रिक्षा पाण्यात राहिली. पुन्हा उभं राहायला मी एका कंपनीकडून गटातून कर्ज काढलं, ते भांड्यांसाठी. दुसऱ्या कंपनीचं काढलं, ते रिक्षाच्या दुरुस्तीसाठी. तेवढ्याने भागेना म्हणून ओळखीच्या एका सावकाराकडून ५० हजार घेतले, शेकडा पाचने. म्हणजे महिन्याला अडीच हजार नुसतं व्याज.

जरा सावरतो न सावरतो तोच मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. मुलं एका रात्रीत गावी गेली. चोवीस जणांचे महिन्याचे पैसे राहिले. त्यातले सात जणांनी नंतर पाठवून दिले, बाकीच्यांचे फोन लागले नाहीत. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली होती, हे तुम्हाला आठवत असेल. हप्ता थांबला, व्याज चालूच राहिलं. सप्टेंबरात कर्जाचं पुस्तक पाहिलं, तर शिल्लक कमी होण्याऐवजी वाढली होती. सावकाराने तर एक महिनाही सोडला नाही. मग तिसऱ्या कंपनीचं कर्ज आलं, ते पहिल्या दोघींचे हप्ते भरायला. पाटल्या गहाण गेल्या. आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला.

यात तू उधळपट्टी कुठे केलीस, असं मला पुष्कळांनी विचारलं. दिरांनी विचारलं, वसुलीला येणाऱ्या पोराने विचारलं, एका बँकेतल्या साहेबांनीही विचारलं. रिक्षा कशी दुरुस्त केलीस, असं मात्र कोणी विचारलं नाही. कर्ज बाईच्या नावावर असतं आणि पैसा घराच्या नावावर खर्च होतो. नवऱ्याचं दुखणं, मुलाची गाडी, नणंदेचं बाळंतपण, दिराच्या मुलीचं लग्न, सगळ्यांत तो जातो. सही तेवढी आपली. कंपन्यांना बायकाच कर्जदार म्हणून हव्या असतात, कारण बायका परतफेड चोख करतात. या चोखपणाचं कौतुक आपण व्यासपीठांवरून पुष्कळ ऐकतो. तो चोखपणा येतो कुठून, हेही एकदा विचारलं पाहिजे. तो येतो भीतीतून. चारचौघींत मान खाली जाईल, या भीतीतून.

गट कोणासाठी?

आता थोडं अवघड बोलते. गटातल्या एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांनी भरायचा, अशी या कर्जांची रीत आहे. सगळ्यांचे पैसे जमेपर्यंत बैठक उठत नाही. एके दिवशी माझा हप्ता नव्हता. दहा जणी माझ्या दारात बसून होत्या, संध्याकाळी पाचपासून रात्री साडेनऊपर्यंत. त्यांच्या घरी चुली पेटायच्या होत्या, लेकरं वाट बघत होती. वसुलीचा मुलगा कोपऱ्यावर मोटारसायकलला टेकून मोबाइल बघत होता. त्याला एक शब्दही बोलावा लागला नाही. त्याचं काम माझ्याच मैत्रिणी करत होत्या. शेवटी समोरच्या घरातल्या मावशींनी कानातली फुलं सोनाराकडे ठेवून माझे पैसे भरले. त्यानंतर तीन महिने त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मला त्यांचा राग आला नाही. त्यांनी स्वतःचं सोनं माझ्यासाठी ठेवलं होतं.

मैत्रिणींनो, आपण गट बांधले ते कशासाठी? एकीच्या घरी मारहाण झाली तर दहा जणींनी तिच्या दारात जाऊन बसायचं, यासाठी. त्याच दहा जणी आता हप्त्यासाठी दारात बसतात. बायकांची एकी कोणीतरी तारण म्हणून लिहून घेतली आहे. यावर आपण संघटना म्हणून फारसं बोललो नाही, ते बोलायला हवं.

कर्जाचा अतिरेक झाला की काय होतं, हे २०१० साली आंध्र प्रदेशात दिसलं होतं. एकेका बाईवर चार-चार कंपन्यांची कर्जं, वसुलीचा छळ, आत्महत्यांच्या बातम्या. तिथल्या सरकारला त्या ऑक्टोबरात वटहुकूम काढावा लागला. रिझर्व्ह बँकेने मालेगाम समिती नेमली, तिचा अहवाल २०११ च्या जानेवारीत आला. नियम तेव्हापासून बनत आले, बदलत आले. पण नियम कागदावर राहतात, कारण ज्यांच्यासाठी ते केले त्यांना ते कोणी वाचून दाखवत नाही.

वही

त्या दारातल्या बैठकीनंतर काही दिवसांनी, २०२१ च्या ऑगस्टात, आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाच्या एका कार्यकर्तीने मला शंभर पानी वही दिली आणि म्हणाली, "ताई, रडायचं ते रडून घ्या, पण आज रात्री सगळं लिहून काढा. एक पैसा लपवायचा नाही." आम्ही दोघींनी मिळून लिहिलं. तीन कंपन्यांचे मिळून १ लाख ४ हजार. सावकाराचं मुद्दल ५० हजार. पाटल्यांवरचं कर्ज ६० हजार. किराणा दुकानाची उधारी ३८ हजार. भिशी आधी उचलली होती, तिचे भरायचे २४ हजार. बहिणीचे हातउसने २० हजार. बेरीज २ लाख ९६ हजार.

मग दुसऱ्या पानावर महिन्याचं. हप्ते, व्याज, भिशी, किराणा मिळून १६ हजार १०० द्यायचे. डबे राहिले होते १७, दोन वेळचे २,४०० रुपयांप्रमाणे ४० हजार ८०० यायचे. सामान, गॅस, भाजी यांचे ३० हजार गेले की उरले १० हजार ८००. त्यातून घरभाडं, औषधं, मुलीची फी, वीज यांचे साडेसहा हजार. शिल्लक ४ हजार ३००.

म्हणजे ४,३०० मधून १६,१०० द्यायचे. हे कोणत्याच बाईला जमणार नाही, कितीही पहाटे उठली तरी. कागदावर ते दिसलं आणि मला पहिल्यांदा झोप लागली. तोवर मी समजत होते की माझे कष्ट कमी पडतात. कष्ट कमी नव्हते, हिशोबच जुळणारा नव्हता.

म्हणून पहिलं सांगणं हे, की वही करा आणि ती एका विश्वासाच्या बाईसमोर बसून करा. कोणाचं किती, व्याज काय, कागद काय दिला आहे, कोरा धनादेश दिला आहे का, जामीन कोण आहे, सगळं लिहा. आजपर्यंत किती भरलं तेही लिहा. पावती नसेल तर आठवून तारखा टाका.

दुसरं, जो जास्त ओरडतो त्याला आधी, असं करू नका. ज्याच्यावर पोट चालतं त्याला आधी. घरभाडं, औषध आणि धंद्याचं सामान आधी. मी किराणा दुकानदाराकडे वही घेऊन गेले. म्हटलं, "काका, आजपासून नवीन माल रोखीने घेईन आणि जुन्याचे महिन्याला एक हजार देईन." ते वही बघून म्हणाले, "आजवर असा हिशोब कोणी दाखवला नाही." अडतीस महिने लागले, पण ती उधारी फिटली.

तिसरं, गहाण सोन्याबद्दल. व्याज भरवत नसेल आणि लिलावाची नोटीस यायची वेळ आली असेल, तर आपण होऊन सोडवून विकलेलं बरं. भाव आपल्याला कळतो. माझ्या पाटल्या माझ्या आईने दिलेल्या होत्या. विकताना जीव तुटला, खोटं कशाला बोलू. साठ हजार फेडून हाती २० हजार राहिले, ते भिशीत भरले, कारण ते माझ्यासारख्याच बायांचे पैसे होते. उरलेले चार हजार मी भिशीतल्या एकीच्या घरच्या बारशाचा स्वयंपाक करून फेडले.

चौथं, नवीन कर्ज काढून जुनं भरायचं बंद करा. कंपन्यांना मी लेखी अर्ज दिला: माझं उत्पन्न इतकं, देणं इतकं, प्रत्येकीला महिन्याला एक हजार देऊ शकते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. दोघांनी ऐकलं. तिसऱ्याने आधी दमदाटी केली, मग लेखी तक्रार गेल्यावर ऐकलं. डबे वाढले तसे हप्तेही वाढवले.

कायदा काय सांगतो

आता जे सांगते ते लिहून घ्या, आपापल्या गटात वाचून दाखवा.

कर्ज न फेडणं हा दिवाणी मामला आहे. त्यासाठी पोलीस उचलून नेतील, असं सांगणारा खोटं बोलतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ५६ व्या कलमाप्रमाणे पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करून दिवाणी कैदेत ठेवता येत नाही. ६० व्या कलमाप्रमाणे घरच्या गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रीतीप्रमाणे स्त्रीने अंगावेगळे करू नयेत असे दागिने आणि कारागिराची हत्यारं यांवर जप्ती आणता येत नाही. तेव्हा मंगळसूत्रावर हात ठेवणाऱ्या वसुलीवाल्याला हे कलम ऐकवा. आपण स्वतः गहाण ठेवलेल्या वस्तूचं मात्र वेगळं, हे लक्षात असू द्या.

धनादेशाचंही वेगळं. तो वटला नाही तर फौजदारी खटला होऊ शकतो. म्हणून कोरा धनादेश कोणाला देऊ नये. आधीच दिला असेल आणि तो न वटल्याची नोटीस आली, तर ती घरात दडवू नका. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांची मुदत असते, त्या आत वकिलाकडे जा. वकिलाला पैसे कुठून, असं म्हणाल. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न किती हे न बघता. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं.

सावकारासाठी महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे, त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवाना असला तरी शेतकरी नसलेल्या कर्जदाराकडून विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्के आणि तारण कर्जावर १५ टक्के, असे दर सरकारने २०१४ साली ठरवून दिले. शेकडा पाच म्हणजे वर्षाला ६० टक्के! माझ्या सावकाराला परवानाच नव्हता. ५० हजारांवर मी बावीस महिन्यांत ५५ हजार व्याज भरलं होतं आणि मुद्दल जसंच्या तसं उभं होतं. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये, हे दामदुपटीचं तत्त्व आपल्या पणजीलाही माहीत होतं. आम्ही सहायक निबंधकाच्या कार्यालयात अर्ज दिला. मंडळाच्या सहा जणी बरोबर आल्या होत्या. नोटीस निघाली आणि आठवड्याभरात तो कोरा धनादेश माझ्या दारात परत आला. त्यानंतर व्याज नाही की मुद्दल नाही, तो फिरकलाच नाही.

रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या कंपन्यांना हा सावकारी कायदा लागू होत नाही. त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेले मुख्य नियम असे. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेलं विनातारण कर्ज हे सूक्ष्म कर्ज. कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होतील, असं कर्ज द्यायचं नाही. व्याज आणि सगळे आकार मांडलेला कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचा. कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. वसुली दोघांनी ठरवलेल्या जागी करायची. कर्जदार त्या जागी लागोपाठ दोन वेळा आली नाही, तरच घरी किंवा कामाच्या जागी यायचं. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास, नाव चव्हाट्यावर मांडणं, यातलं काहीही चालणार नाही.

नियम मोडला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला पैसे पडत नाहीत. माहितीसाठी १४४४८ या नंबरवर फोन करता येतो.

आणखी एक. नवऱ्याच्या कर्जाला बायको आपोआप जबाबदार नसते. तिने सहकर्जदार किंवा जामीन म्हणून सही केली असेल तरच ती जबाबदार. नवरा वारला तर त्याची जी मालमत्ता तिच्याकडे आली, तेवढ्यापुरतंच देणं येतं. दहाव्याच्या आत विधवेच्या सह्या घ्यायला येणारे लोक असतात. त्या दिवसांत तिच्याजवळ कोणीतरी समजदार बाई बसलेली असली पाहिजे.

संघटनांनी काय करावं

आपण पर्यायी कर्जाच्या वाटाही शोधल्या आहेत, हे विसरता येणार नाही. अहमदाबादच्या 'सेवा'च्या चार हजार बायांनी दहा-दहा रुपये घालून १९७४ साली स्वतःची बँक काढली. आपल्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी बँक १९९७ साली उभी राहिली. बाईच्या कमाईच्या तालावर हप्ता बसवता येतो, हे या अनुभवांतून शिकता येतं. पण प्रत्येक गावात बँक काढणं होणार नाही. जे लगेच करता येईल ते सांगते.

एक, प्रत्येक मंडळात महिन्यातून एक दिवस 'वहीचा दिवस' ठेवा. कर्जात सापडलेली बाई येईल, तिच्याबरोबर बसून हिशोब लिहा. तिला उपदेश करू नका. "एवढं कर्ज काढलंसच कशाला?" हा प्रश्न तिला हजार जणांनी विचारलेला असतो.

दोन, वसुलीसाठी कोणाच्या दारात बसायचं नाही, असा ठराव आपापल्या गटात करा. हप्ता थकला तर गटाने त्या बाईसोबत कंपनीच्या कार्यालयात जायचं. जामिनाची जबाबदारी कागदावर आहे, ती मी नाकारत नाही. पण मैत्रिणीला रात्री साडेनऊपर्यंत दारात अपमानित करायची जबाबदारी कोणत्याही कागदावर नाही.

तीन, नवीन कर्जाच्या फॉर्मवर सही करण्याआधी तो कागद गटात मोठ्याने वाचा. पैसा कोणत्या कामाला जाणार, हे विचारा. घरच्या कामाला जात असेल तर घरातल्या पुरुषानेही सही करावी आणि हप्त्यात वाटा उचलावा, हे बाईच्या वतीने गटाने सांगावं. एकटीला ते सांगणं जड जातं.

चार, जिच्या बोलण्यात "आता सगळं संपवावं" असं येऊ लागलं आहे, तिला त्या रात्री एकटी सोडू नका. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नंबर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. पण आधी तिच्या घरी जा, तिच्याजवळ बसा. कर्ज फिटतं. उशिरा फिटतं, थोडं थोडं फिटतं, कधी तडजोड होते, पण फिटतं.

माझं आज बहिणीचं १२ हजार देणं बाकी आहे. ती मागत नाही, मी दर महिन्याला देते. डबे पुन्हा ३६ झाले आहेत. समोरच्या मावशींची फुलं मी सोडवून आणली आणि त्या आता आमच्या वहीच्या दिवशी पहिल्या येऊन बसतात. आमच्या वस्तीत आजपर्यंत एकोणीस बायांच्या वह्या लिहून झाल्या. एकोणीस वह्या शेजारी शेजारी ठेवून बघितल्या, तर त्यांत तीच पाच-सहा कारणं दिसतात: आजारपण, पूर, लग्न, बुडालेली मजुरी, पुरुषाचं व्यसन, मुलांची फी. म्हणजे हा एकीच्या स्वभावाचा दोष नाही. आरोग्याची सोय, कामाचा मोबदला आणि घरातली विषमता यांचा हिशोब बाईच्या हप्त्याच्या पुस्तकात येऊन पडला आहे. तो तिच्या एकटीकडून वसूल होऊ द्यायचा नाही, हे आपलं काम आहे.

जेवणाच्या सुट्टीनंतर मागच्या खोलीत आम्ही चौघी जणी कोऱ्या वह्या घेऊन बसणार आहोत. ज्यांना लिहायचं आहे त्यांनी या. कोणी नाव विचारणार नाही. ज्यांना स्वतःचं काही लिहायचं नाही, त्यांनी दुसरीला लिहायला मदत करायला या.

एवढं बोलून मी थांबते.